दौलतरावांच्या मानेतले रक्त

मी एक जुनी काचेची सिरिंज आहे. मित्रांनो, माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगते. दर वापरानंतर मला उकळत्या पाण्यात टाकत. ज्यांचा आपल्यावर विश्वास नाही, त्यांच्यावर आपण तरी किती ठेवावा?

१९५७ साली मी चिंचवडच्या एका दवाखान्यात होते. पुण्याहून सुमनताई नावाच्या डॉक्टरीणबाई तिथे येत. एका दुर्मीळ आजारात अंगाला आपोआप झटके येतात, तोल जातो. त्यात मेंदूला रक्त किती पोचते, याचा त्या अभ्यास करत. रोग्याला थोडा गॅस हुंगायला देत आणि हाताच्या व मानेच्या रक्तात तो किती उतरला ते मोजत. मानेतले रक्त काढायचे काम माझे.

एके दिवशी दौलतराव आले. ते पिंपरीच्या नव्या पेनिसिलीनच्या कारखान्यात बाटल्या भरायच्या कामावर होते. चालताना झोकांड्या जात, हातातली बाटली निसटे. तेव्हा दारूबंदी होती. दारू नाही, आजार आहे, अशी डॉक्टरची चिठ्ठी आठ दिवसांत आण, नाहीतर काम गेले समज, असे साहेबांनी बजावले होते. मलाही वाटले, घेतलीच असणार.

"मानंतलंच रगत कशापाई? इकायचं हाय का?" त्यांच्या पत्नी सोजराबाई माझ्याकडे डोळे वटारून म्हणाल्या.

सुमनताईंनी त्यांना समजावले आणि विचारले, "दौलतराव, वडिलांना असं काही होतं?"

"न्हाई. बाप दारूनं मेला."

सोजराबाई खाली बघत म्हणाल्या, "मामंजींनी जल्मात थेंब घेतला न्हाई, बाई."

दौलतरावांनी मान पुढे केली. माझ्यात आलेल्या रक्तात दारूचा मागमूसही नव्हता. मला माझीच लाज वाटली.

चार दिवसांनी सुमनताईंनी चिठ्ठी वाचून दाखवली. मेंदूला रक्त कमी पोचते, दारूचा संबंध नाही, आजार पिढीजात आहे.

"पिढीजात म्हंजी?"

"वडिलांकडून तुम्हाला आला. मुलांना येऊ शकतो, येईलच असं नाही."

दौलतरावांनी चिठ्ठी टेबलावर परत ठेवली. लेक इंद्रायणीची सोयरीक तळेगावला ठरली होती आणि नवऱ्या मुलाचा चुलता त्याच कारखान्यात होता; चिठ्ठी साहेबांकडे गेली की त्याला कळणारच.

"पिढीजात हा शब्द मी खोडते," सुमनताई म्हणाल्या.

"आजाराचं नाव ऱ्हाईलच की. दारुड्याच्या पोरीचं लगीन हुतं, बाई. असल्या घरातल्या पोरीचं न्हाई. बापानंबी माझ्यासाठी ह्येच केलं."

"निदान इंद्रायणीला तरी सांगा."

चिठ्ठी टेबलावर तशीच ठेवून ते उठले. त्यांचे काम गेले.

पुढे औषधाला आलेल्या सोजराबाईंनी लग्नाची हकीकत सांगितली. अक्षता टाकताना दौलतरावांचा हात उडाला, तेव्हा पाहुणे हसले की व्याही सकाळपासूनच घेऊन बसलेत. बोहल्यावरच्या इंद्रायणीने शरमेने मान वळवली. तिला कुणी काही सांगितले नव्हते.

आता मी कपाटात धूळ खात पडून आहे. मला पुसा, असे मी म्हणत नाही. मित्रांनो, झोकांड्या खाणारा माणूस दिसला, तर तोंडाचा वास घेण्याआधी त्याला हात द्या.