सकाळचं माप

सकाळी पावणेनऊला, पहिला पेशंट यायच्या आधी, मी पांढरा सदरा घालून स्टुलावर बसायची. समोरच्या दिव्यातून छातीवर उजेडाच्या काळ्यापांढऱ्या चौकटी पडायच्या, बुद्धिबळाच्या पटासारख्या. कॅमेरा त्या वरखाली होताना बघायचा आणि श्वास किती आत गेला, किती जोरात बाहेर आला, त्याचा आकडा काढायचा. नळीत फुंकणं नाही, नाकाला चिमटा नाही, अंगाला काही लागतच नाही. मी त्या खोलीत फरशी पुसायची, चादरी बदलायची, पेशंटना स्टुलावर नीट बसवायची. आणि वर हे सकाळचं एक मिनिट.

यंत्र खरं सांगतंय का, हे कळायला रोज एक धडधाकट माणूस लागतं. त्याचा आकडा कालच्याएवढा आला की यंत्र ठीक. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझी छाती तपासून ठणठणीत ठरवली आणि तपासणी करणाऱ्या मॅडमनी मला निवडलं. मी सातवीच्या पुढे गेले नाही. माझ्यावरून कुणी दुसऱ्याला जोखावं, हे जन्मात पहिल्यांदाच होत होतं. घरी मी ते इतकं मिरवलं की भाजीत मीठ जास्त झालं तरी नवरा म्हणायचा, बघा, माप चुकलं.

मग थंडीपासून जिना चढताना मला धाप लागायला लागली. वय झालं, म्हटलं. वीस मिनिटं आधी येऊन चादरींच्या गाठोड्यावर बसायचं, दम गोळा करायचा. स्टुलावरून यंत्राचा पडदा दिसायचा, त्यामुळे त्यावरची श्वासाची रेघ कालच्या उंचीला टेकेपर्यंत श्वास ओढता यायचा. एक मिनिटाचा तर प्रश्न.

एका सोमवारी रेघ टेकेना. मंगळवारीही नाही. मॅडमनी विचारलं, "मावशी, बरं आहे ना तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीय? आत्ताच तीन जिने चढून आले."

मी लिफ्टने आले होते.

म्हणजे मग दोष यंत्राचा. मॅडमनी काच पुसली, स्टँड सरळ केला, कंपनीच्या माणसाला फोन लावला. आकडा तरीही खालीच. शेवटी त्याच्या सांगण्यावरून त्यांनी यंत्राचा हिशोबच थोडा वर चढवला, माझा आकडा पूर्वीसारखा येईपर्यंत. माझ्याबरोबर तपासायला येणाऱ्या प्रत्येक पेशंटचा आकडाही तेवढाच वर चढणार होता. एवढं गणित सातवी शिकलेल्या बाईलाही येतं. मी फरशी पुसत राहिले.

नवव्या दिवशी भाऊजी आले. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. स्वयंपाकाच्या ओट्यांसाठी दगड कापतात, तीस वर्षं त्या धुळीत. मागच्या दोन्ही वेळा त्यांचा आकडा उतरला होता, आणि या वेळीही उतरला तर काम सोडीन, असं त्यांनी ताईला कबूल केलं होतं. त्यांना स्टुलावर मीच बसवलं, सदऱ्याची कॉलर मीच सारखी केली. आकडा चढला. डॉक्टर आधी चकित झाले, मग खूश. सहा महिन्यांनी या, म्हणाले. भाऊजींनी मला डोळा मारला.

संध्याकाळी ताईचा फोन आला. तुझ्या मशीनच्या तोंडात साखर पडो, म्हणाली आणि रडली. भाऊजी दुपारीच कामावर गेले होते. मी म्हटलं, मशीनला तोंड नसतं गं. एवढंच म्हटलं.

पुढचे दोन दिवस मी स्वतःला कारणं देत बसले. खरं सांगितलं तर नोकरी जाईल, हे त्यातलं सगळ्यात शोभणारं. मॅडम मला कामावरून काढणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. भीती होती ती स्टूल जायची.

त्यातल्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊजी कामावरून परस्पर आमच्याकडे आले. भुवया पांढऱ्या, खांदे पांढरे. चहा पिताना त्यांना खोकला आला, तो बराच वेळ थांबेना. मी पाठीवर हात ठेवला तर मलाच म्हणाले, मनावर घेऊ नकोस, आकडा चांगला आहे.

सकाळी स्टुलावर बसले आणि मॅडमना सगळं सांगितलं. धाप, गाठोडं, पडद्यावरची रेघ, लिफ्ट. उठून त्यांनी पडदा माझ्याकडून भिंतीकडे फिरवला.

"आता घ्या श्वास."

मी घेतला. आकडा बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग नोंदवही उघडून त्या नावं उतरवायला लागल्या. अकरा दिवस, त्रेचाळीस माणसं. कागद भरत आला तेव्हा म्हणाल्या, "मावशी, मी तुम्हाला विचारलं होतं."

पहिला फोन मी केला. ताईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे त्यांचं वाईट आहे?"

"माझं वाईट आहे. त्यांचं उद्या कळेल. घेऊन ये."

"आणि तू हे मी रडत होते तेव्हा गिळलंस?"

हो, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टवाला पांढरा सदरा घालून ऐटीत बसला. त्याला डॉक्टरांनी तपासलं होतं. यंत्राचा चढवलेला हिशोब परत जागेवर आला. मग भाऊजी बसले. आकडा आधीच्या उतरलेल्या दोन्ही आकड्यांपेक्षाही खाली. डॉक्टरांनी काम आजपासून बंद म्हणून सांगितलं, आणि मी काही बोलायच्या आत ताईने हात पुढे केला. भाऊजींनी खिशातून कारखान्याची किल्ली काढून तिला दिली.

नंतर आम्ही तिघं बाहेरच्या बाकावर बसलो, भाऊजींच्या हातात त्यांचा कागद, माझ्या हातात माझा. माझ्याही छातीच्या पुढच्या तपासण्या लिहून दिल्या होत्या. भाऊजी म्हणाले, "मेहुणीबाई, तीन दिवस तुमच्या जिवावर मजेत काढले." आणि हसले. हसण्याचा खोकला झाला.

मी पाणी आणायला उठले. सवयच ती. पण चार पावलांवर भिंत धरून उभं राहावं लागलं. ताई उठली, दोन ग्लास भरून आणले. एक भाऊजींना दिला, एक मला. मला देताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पण मी पिऊन होईपर्यंत रिकाम्या ग्लाससाठी हात पुढे करून तिथेच उभी राहिली.