मल्लव्वाची हरकत

मल्लव्वानं खुर्ची पदरानं झटकून हवालदारापुढं सरकवली आणि स्वतः उंबऱ्याला टेकून बसली.

"मावशी, शेजारच्या अमरसिंहांच्या पिस्तुलाचं आलोय," आकाराम हवालदार अवघडून म्हणाला. "कोर्टातनं सुटल्यात न्हवं, परवाना परत मागितलाय. शेजाऱ्यांचा जबाब घ्यावाच लागतो. तुमची काय हरकत?"

विचारायची गोष्ट होती का ही! गेल्या निवडणुकीत अमरसिंहानं आपलं पिस्तूल कायद्याप्रमाणं पोलिसांत जमा केलं होतं. निकाल लागला, ते कायद्याप्रमाणंच परत मिळालं, आणि सत्काराच्या मिरवणुकीत गुलालानं माखलेल्या या गड्यानं हात वर करून बार काढला. माडीवरून मिरवणूक बघणारा मल्लव्वाचा एकुलता एक संगमेश जागीच गेला. मिरवणुकीला अख्खं कबनूर लोटलं होतं. कोर्टात मात्र कुणीच काही बघितलं नव्हतं.

म्हणून आता मल्लव्वा कडाडून हरकत घेणार, हे गल्लीनं धरूनच ठेवलं होतं. गल्लीला काय ठाऊक? मल्लव्वा तर देव पाण्यात घालून बसली होती, की पिस्तूल एकदा परत यावं.

कारण अमरसिंहाचा मुलगा पृथ्वीराज दारू पिऊन यंत्रमागांच्या शेडच्या वाटणीवरून रोज बापाच्या अंगावर जात होता. परवा तर कोयता घेऊन धावला. लोकांनी आवरला, तेव्हा ओरडला, "पिस्तूल घरात असतं तर आज निकाल लावला असता!" भिंतीआडून ते ऐकलं आणि संगमेश गेल्यापासून पहिल्यांदाच मल्लव्वा पोटभर जेवली.

"न्हाय हरकत," ती म्हणाली. "द्या की त्यांचं त्यांना."

आकारामचं पेन थांबलं. "मावशी, नीट इचार करून सांगा."

"केलाय."

भिंतीपलीकडं कान देऊन उभा असलेला अमरसिंह खुशीत आला. "मल्लव्वा, मन मोठं हाय तुजं! अनुजा, हवालदारास्नी च्या दे जा!"

मल्लव्वानं दात आवळले. पी, हवं तेवढं पी, तुझा पोरगाच तुला पाणी पाजील.

पृथ्वीराजची बायको अनुजा चहा घेऊन आली. वाकून कप ठेवताना पदर सरला आणि गळ्यावर बोटांचे काळेनिळे वळ दिसले. मल्लव्वानं बघितलं ते अनुजालाही कळलं.

"अव्वा," ती अगदी हळू म्हणाली, "पिस्तूल घरात आलं तर बापाच्या आधी माजा नंबर हाय. तुमी तरी न्हाय म्हना."

मल्लव्वाला त्या पोरीचा भयंकर राग आला. आत्ताच यायचं होतं हिला? इतकी वर्षं उराशी धरलेला सूड हाताशी आला आणि ही मध्ये उभी. पण मध्ये तर संगमेशही उभा नव्हता, तो माडीवर होता, आणि त्या गोळीशी त्याचं काय वैर होतं? या पोरीचं तरी काय?

चहा निवला. आकारामनं कागद पुढं केला. "मग हरकत न्हाय असंच लिवू?"

"हरकत हाय," मल्लव्वा म्हणाली. "त्या घरात हत्यार नको. माज्या पोराला खाल्लंय त्यानं. लिवा."

अनुजानं रिकामा ट्रे छातीशी धरला आणि मागं न बघता निघून गेली.

पलीकडून अमरसिंह कडाडला, "थेरडे, आत्ता हरकत न्हाय म्हनलीस आणि लगीच फिरलीस? शेवटी सूड उगवलासच की!"

"व्हय, उगवला!" मल्लव्वा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली.

आकाराम तिची सही घेऊन गेला. दारादारांत बायका मान डोलवत होत्या, बरी जिरवली म्हणत होत्या. मल्लव्वा भिंतीशी उभी राहिली. पलीकडं अमरसिंह सुनेला हाक मारून जेवायला वाढ म्हणत होता.