इस्त्रीवालीचा नवरा

इस्त्रीवालीच्या नवऱ्याने अंथरूण धरलं त्याला कित्येक महिने झाले. ताप नाही, खोकला नाही, माणूस नुसता भिंतीकडे तोंड करून पडलेला. आंघोळ नाही, दाढी नाही, तोंडातून ब्र नाही. आधी ती रडली, मग चिडली, मग तिला काही वाटेनासंच झालं. कपडे यायचे, ती इस्त्री फिरवायची, कपडे जायचे.

वस्तीतल्या मानसोपचार केंद्रात खेटे घालून घालून एकदाची वेळ मिळाली. आधी नर्स बघणार, तिला गरज वाटली तरच डॉक्टर.

आता दुसरं कुणी असतं तर नवऱ्याला होता तसा उचलून नेलं असतं. पण ही पडली इस्त्रीवाली! घरचं माणूस चुरगळलेल्या कपड्यांत चारचौघांत? छे, जीव गेला असता तिचा. सकाळीच तिने त्याला चोळून आंघोळ घातली, दाढी केली, नखं कापली, कडक कॉलरचा शर्ट चढवला. बुटांच्या नाड्यासुद्धा तिनेच बांधल्या. तो आपला ओंडक्यासारखा उभा.

"बघा, कसे नवरदेव दिसताय!" ती म्हणाली. हसलं कुणीच नाही, तीही नाही.

नर्सने तिला बाहेरच थांबवलं. "पेशंटशी एकट्याशी बोलायचं असतं, ताई."

"अहो, पण ते बोलतच नाहीत!"

"बोलतील. तुम्ही बसा."

ती बाकावर बसली. शेजारच्या माणसाच्या बाहीवर दोन घड्या पडल्या होत्या, त्या बघत राहिली. थोड्याच वेळात नर्स त्याला घेऊन बाहेर आली.

"काही काळजी करू नका. किती टापटीप राहतात! झोप, जेवण सगळं ठीक म्हणाले. डॉक्टरांकडे फार गंभीर पेशंट आहेत हो, त्यांना आधी बघावं लागतं."

"आंघोळ मी घातली," इस्त्रीवाली म्हणाली.

"हो का? छान! असंच करत राहा." नर्सने पुढच्याला हाक मारली.

पायऱ्यांवर तिने त्याला विचारलं, "झोप लागते म्हणालात? जेवता म्हणालात?" आवाजात रागही नव्हता.

त्याने बुटांच्या नाड्यांकडे बघितलं.

"एवढं सगळं केलंस माझं," तो म्हणाला. "तुझी लाज काढू का परक्यापुढे?"

इतक्या महिन्यांनी त्याने तोंड उघडलं ते एवढ्यासाठी. तिने त्याचा दंड धरून त्याला परत नर्सच्या दाराशी नेलं. आत दुसरा पेशंट बसला होता.