मुकेशची पॅकेजं

ठाण्यात बांधकामावर असताना परांची सुटली आणि मुकेश मौळे खाली कोसळला. जीव वाचला, पण कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. जव्हारच्या कॉलेजात दोन वर्षं काढलेला तरणा माणूस मोखाड्याकडच्या आपल्या पाड्यावर खाटेला खिळला. एका मित्राने जुना लॅपटॉप आणून दिला, तेवढीच काय ती सोबत.

त्यावर त्याने लोकांनी मिळून बनवलेली, फुकट मिळणारी सिस्टिम टाकली. लहानपणी जव्हारच्या बाजारात टीव्हीला जोडून खेळलेले गेम त्याला पुन्हा खेळायचे होते. ती यंत्रं आता मिळत नाहीत, त्यांची नक्कल करणारा प्रोग्राम लागतो, एम्युलेटर. सिस्टिमचे सगळे प्रोग्राम जिथून उतरवून घेता येतात त्या भांडारात तो होता, एकेका यंत्राचा वेगळा भाग करून ठेवलेला, पण निम्मे भाग चालतच नव्हते. मुकेशने तक्रार लिहिली. येन्स नावाच्या जर्मन माणसाचं उत्तर आलं, "तूच दुरुस्त कर की. मी शिकवतो."

मुकेश शिकला. कोणता भाग कशावर चालतो, कोणता तुकडा वाटायला परवानगी नाही म्हणून वगळायचा, सगळं नीट बांधून पॅकेज कसं करायचं. हळूहळू ते सगळे भाग त्याच्याकडे आले. प्रत्येकापुढे लिहून आलं, देखभाल करणारा: मुकेश मौळे.

"हा तुझा नाव?" बायकोने, तुळशीने विचारलं.

"माझाच. दुनियेत कुणीबी घेतला तरी माझाच नाव दिसल."

पाड्यावर रेंज नव्हती. मुकेश लॅपटॉपवरचं काम घरातल्या एकुलत्या फोनमध्ये भरून द्यायचा, तो घेऊन तुळशी टेकाडावर चढायची, त्याने दाखवलेलं बटण दाबायची आणि काम जाऊन निरोप उतरेपर्यंत तिथेच बसून राहायची.

भात झोडून झालं आणि तुळशी पाड्यावरच्या बायांबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली. जाणं भागच होतं. फोन तिने मुकेशजवळ ठेवला. पण तो वर न्यायचा कुणी? पाड्यावरची धडधाकट माणसं सगळी कामावर गेलेली. घरात उरली ती त्याची आई नवशी. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तरी ती एकदा हट्टाने चढली, नको ते बटण दाबून आली आणि उतरताना गुडघा फोडून घेतला. मुकेशने तिला पुन्हा पाठवलं नाही.

शिमग्याला तुळशी आली. हातपाय धुण्याआधीच फोन घेऊन वर गेली.

निरोप ढिगाने उतरले होते. एका भागात मोठी खोट निघाली होती, बाहेरच्याला दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरता येईल अशी. येन्सने विचारलं होतं, मुकेश, बघतोस ना? मग, मुकेश, आहेस ना? मग, तू बरा आहेस ना? शेवटचा निरोप भांडार सांभाळणाऱ्या समूहाचा होता. उत्तर नाही, देखभाल नाही, म्हणून हे सगळे भाग भांडारातून काढले आहेत.

"काय झाला?" तुळशी म्हणाली.

"काढून टाकला सगळा."

"परत कर मग. तुला येतं ना?"

येत होतं. ती खोट कुठली, हेसुद्धा वाचता वाचता त्याला कळलं होतं. दुपारभराचं काम.

"तू परत कधी जाशील?"

तुळशी खाली बघू लागली. "होळी झाली का. मुकादम गाडी धाडनार हाये."

"मग कुनाच्या भरवशावर करू?"

मुकेशने लॅपटॉप पुढ्यात ओढला. येन्सला काय काय सांगायचं होतं त्याला, पाय, टेकाड, आईचे डोळे, वीटभट्टी. बोटं कीबोर्डवर नुसती टेकून राहिली. शेवटी त्याने एवढंच लिहिलं की मी आहे, पण यापुढे सांभाळू शकणार नाही, वाट बघू नका.

"हा धाडून ये," तो म्हणाला.

तुळशी गेली. खाटेवरून दारातून टेकाडाची वाट दिसायची. ती अर्ध्यावर पोचली तेव्हा त्याला हाक मारावीशी वाटली, थांब, नको धाडू. हाक पोचलीही असती. त्याने तोंड उघडलं आणि तसाच बसून राहिला.

ती उतरून आली. "गेला," म्हणाली.

त्याने मान हलवली. मग नवशी आणि तुळशीने मिळून त्याला कुशीवर वळवलं, कारण पडून पडून पाठीवर झालेली जखम पुसायची राहिली होती.