डब्यातलं डाळिंब

कडेगावहून आलेल्या त्या कार्डाला नाथाजी गुरुजींनी पाच महिने उत्तर दिलं नव्हतं. मजकूर चारच ओळींचा.

"गड्या, बोलल्यापरमानं मिशी काढली. आता पै-पावणं दुखवट्याला यायला लागल्यात. मेढ्याची मंडळी टॉवेल-टोपी घेऊन आली, तर म्हातारा सोप्यात च्या पीत बसलेला. तुजं झाड बरं हाय का? लालासाहेब."

वडील गेल्याशिवाय आपल्याकडं कुणी मिशी उतरवत नाही. लालासाहेबाचे वडील तात्याबा तर नव्वदीतही ठणठणीत. पण लालासाहेब पलटणीतून सुभेदार होऊन आलेला. शब्द दिला म्हणजे दिला.

हे सगळं सुरू झालं ते इस्लामपुरात, गुरुजींच्या माडीवरच्या गॅलरीत. निवृत्त झाल्यावर गुरुजींनी पुस्तकात वाचून तेलाच्या पत्र्याच्या डब्यांत लिंबू, पेरू आणि डाळिंब लावलं. दोन वर्षं नुसता पाला आला. घरचा वीस एकर ऊस असलेला लालासाहेब ते बघून पोट धरून हसला होता.

"डब्यात गोडंतेल ऱ्हातं, नाथा. एक डाळिंब दाखीव, मिशी उतरवतो."

चौऱ्याहत्तरच्या दसऱ्यानंतर तो कारखान्याच्या सभेला येणार असं कळलं. तेव्हा गुरुजींच्या बायकोनं, लीलाबाईंनी, मंडईतून एक लालभडक डाळिंब आणलं आणि हिरव्या दोऱ्यानं फांदीला बांधलं.

"अगं, तो हात लावून बघेल."

"न्हाई लावत. तुमी फकस्त गप ऱ्हावा. त्ये तुमाला जमतंय."

लालासाहेब गॅलरीत आला आणि जागीच थांबला. त्यानं हात पुढं केला, तशा लीलाबाई म्हणाल्या, "भावजी, लांबनंच बघा. पयलं फळ देवीला बोललंय."

लालासाहेबानं हात मागं घेतला, पायातल्या वहाणा काढल्या आणि मंडईतल्या त्या डाळिंबाला दोन्ही हात जोडले. खरं सांगायला गुरुजींनी तोंड उघडलं. घसा खाकरला. मग विचारलं, "चहा घेणार ना?"

आठ दिवसांनी ते कार्ड आलं. उघडंच असल्यानं पोस्टमन आकारामनं ते जिन्यातच वाचलं होतं.

गुरुजींची झोप उडाली. खरं सांगावं, तर शाळेपासूनचा एकुलता एक मित्र तुटणार. न सांगावं, तर तात्याबांना जिवंतपणी आणखी किती टोप्या मिळणार कोण जाणे. असेच दिवस गेले. माघात मात्र डाळिंबाला खरंच फूल आलं आणि फाल्गुनात सुपारीएवढं फळ धरलं.

"हे पिकलं की लिहितो," गुरुजी म्हणाले. "म्हणजे तितकंसं खोटं राहणार नाही."

"पिकंपतूर भावजींची मिशी कानाला लागंल."

गुरुजी रोज सकाळी दोऱ्यानं त्या फळाचा घेर मोजत, वहीत लिहीत आणि बोटानं दाबून बघत. बाराव्या दिवशी ते देठासकट त्यांच्या हातात आलं. मग आत जाऊन त्यांनी कपाटातून आंतरदेशीय पत्र काढलं.

"त्ये कशाला?" लीलाबाई म्हणाल्या. "त्यांनी मिशी गावापुढं काढली. तुमी चिकटवून, झाकून कबूल हुता व्हय? कार्ड घ्या."

"आकाराम वाचेल."

"वाचू द्या की. दोरा मी बांधला, त्येबी लिवा."

गुरुजींनी तीन कार्डं खराब केली. चौथ्यावर लिहिलं: "लालासाहेब, ते डाळिंब मंडईतलं होतं. दोऱ्यानं बांधलेलं. दोरा लीलानं बांधला, गप्प मी राहिलो. देवीला काही बोललो नव्हतो. मिशी वाढव. तात्याबांची माफी मागायला रविवारच्या पहिल्या गाडीनं येतो. दारात घेशील की नाही, ठाऊक नाही. तरी येतो. नाथा."

पोस्टात आकाराम पेटी उघडून पत्रं थैलीत भरत होता. गुरुजींनी कार्ड पुढं केलं, पण ते हातातून सुटेना. आकारामनं मान वाकडी करून तसंच सगळं वाचलं आणि बराच वेळ खाली बघून खोकला.

"आवं गुरुजी, सोडा की आता. कडेगावची थैली निघालीया."

गुरुजींनी डोळे मिटून बोटं सैल केली.