शब्द कुणाचे

नेल ब्रॅकनची सगळी हकिकत मला पाठ आहे. इंग्लंडातल्या समुद्राकाठच्या गावात मासे तळून विकणाऱ्याची ही मुलगी. विशीत एका मोठ्या कंपनीनं तिची गाणी काढली, ती जगभर वाजली. दुसरा अल्बम पडला तसं कंपनीनं तिला सोडलं. मग तिनं मावशीच्या स्वयंपाकघरात बसून स्वतःच गाणी रेकॉर्ड केली, आणि लोक तिच्यावर आणखीच जीव टाकू लागले. तिच्या मुलाखती ऐकून ऐकून माझं इंग्रजी सुधारलं. त्याच इंग्रजीवर मी कामरगावात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवते.

तिचं एक गाणं मी वऱ्हाडीत केलं. दोन महिने लागले. पण माझा आवाज फाटका. म्हणून मारोतरावकाकांच्या साधनाला गायला बसवलं. माझ्याहून चार वर्षांनी लहान, बारावीला इंग्रजीत नापास झालेली. तिनं चाल दोनदा ऐकली आणि गायली. मी मोबाइलवर व्हिडिओ काढून माझ्या चॅनेलवर टाकला.

आठवड्यात दीड लाख लोकांनी पाहिला. सगळे साधनाच्या आवाजाबद्दल लिहीत होते. शब्दांबद्दल एकानंही विचारलं नाही. मीही नाव टाकलं नव्हतं. वाटलं होतं, कोणीतरी विचारेलच. कारंज्याला तिचा सत्कार झाला तेव्हा मी खाली बसून तिची पर्स सांभाळली. साधनाची आई, चतुराकाकू, आल्यागेल्याला व्हिडिओ दाखवायची आणि मला म्हणायची, "तुया मोबाइलचा कॅमेरा चांगला हाये बरं, वर्षा."

दिवाळीनंतर नेलच्या माणसांचा मेल आला. जानेवारीत ती पुण्यात गाणार होती. एक गाणं साधना तिच्यासोबत गाईल का, असं विचारलं होतं. मी तो दुकानात उभ्यानंच वाचला. समोर चारजण फॉर्मसाठी थांबले होते. दहा वर्षं नेलला मी ऐकलं होतं, आणि बोलावणं साधनाला. मी लिहिलं, 'साधनानं गाणं सोडलं आहे.' पाठवून दिलं आणि पुढच्या माणसाला आधार कार्ड मागितलं.

जानेवारीत एका दुपारी साधना मोबाइल घेऊन दुकानात धावत आली. "ताई, पुण्याच्या कार्यक्रमात माहं नाव घेतलं तिनं! काय म्हनून राह्यली, सांग ना."

मी पाहिलं. नेल म्हणत होती, हे शब्द साधना नावाच्या मुलीनं लिहिले. तिनं गाणं सोडलं असं कळलं, म्हणून आज मी तिच्यासाठी गाते. आणि ती अडखळत माझं वऱ्हाडी गाऊ लागली.

काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. पण मला राहवलंच नाही. "तुये शब्द म्हनते थे! माहे हायेत, साधना! एकेक माहा हाये!" मग नेल बाकीचं काय म्हणाली तेही सांगावं लागलं.

"मी गानं सोडलं, असं तिले कोनं सांगतलं?"

"म्या."

"काहून?"

"तुले बलावलं. मले नाई."

ती स्टुलावर बसली. मग म्हणाली, "मले सांगतलं असतं, तं मी तुयाशिवाय गेली असती का?" तिनं मोबाइल माझ्यापुढे सरकवला. "लिही आता. शब्द माह्या ताईचे हायेत. आन् मी गाते."

मी नेलच्या माणसांना तसं टाइप केलं. तिनं एकेक अक्षर लावून वाचलं, माझं नाव नीट आहे का ते पाहिलं आणि स्वतः पाठवलं. तेवढ्यातही मला तिचा हेवा वाटला. मी तिच्या जागी असते तर असं लिहून घेतलं नसतं.

नेलचं दोन ओळींचं उत्तर आलं, मला उद्देशून. ते दाखवायला काकांच्या घरी गेले तर साधना आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. आता तिचं स्वतःचं चॅनेल आहे. शब्द ती रिसोडच्या एका मास्तरांकडून घेते. त्यांचं नाव व्हिडिओवर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत असतं.