प्रॉम्प्टरशिवाय

पडद्यावरचा नऊ आकडी नंबर रिनाने फोनवर वाचायला घेतला.

"चार... एक... सात..."

कॉम्प्युटरचा निम्मा पडदा लालभडक झाला होता आणि आतून भोंगा वाजत होता. पाच व्हायरस सापडले आहेत, कॉम्प्युटर बंद करू नका, लगेच या नंबरवर फोन करा, असं त्यावर लिहून आलं होतं. मराठी फॉन्ट शोधता शोधता हे पान कुठून उघडलं, तिला कळलं नाही. तिने फोन केला. पलीकडच्या माणसाने सांगितलं ते ॲप उतरवलं. आता ॲपमधला नंबर त्याला दिला, की तो तिथे बसून सगळं साफ करणार होता.

आणि साफ व्हायलाच हवं होतं. त्या कॉम्प्युटरमध्ये तिचं नाटक होतं. तीन महिने दुपारी, शाळेत शिकवून आल्यावर लिहिलेलं, पहिलंच. दुसरीकडे कुठेही ठेवलेलं नाही. आपलं कोण चोरणार, या भरवशावर. उद्या वडशाहून नाटक कंपनीचे आदेशभाऊ ते ऐकायला इथे मूल गावात येणार होते.

"काय बोंबलून राह्यलं ते?" सासूबाई दारात उभ्या राहिल्या. हातात लाखोळीची डाळ पाखडायचं सूप होतं.

सासूबाईंनी, म्हणजे केसरबाईंनी, बत्तीस हंगाम पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची नाटकं केली होती. इथे दिवाळीनंतर रोज नवं गाव आणि बहुतेक रोज नवं नाटक. पाठांतराला वेळ कुणाला? नट स्टेजच्या पुढे बसून हळूच संवाद सांगणाऱ्या प्रॉम्प्टरच्या भरवशावर रात्र काढतात. केसरबाईंना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी प्रॉम्प्टरकडे कधी पाहिलं नाही. दोनदा कानावर पडलं की संवाद त्यांचा. हा त्यांचा जुना तोरा होता आणि तो त्यांना शोभायचा.

रिनाने घाईघाईने काय झालं ते सांगितलं. फोन स्पीकरवरच होता.

"मैडम, घबराइए मत," आतला माणूस म्हणाला. "आपके कंप्यूटर में पाँच खतरनाक वायरस हैं. पाँच मिनट में सारी फाइलें डिलीट हो जाएँगी. आगे का नंबर बोलिए."

केसरबाईंनी सूप खाली ठेवलं आणि फोनकडे वाकल्या.

"भैया, तुम्हारे उधर धान कैसा है?"

तो अडखळला. त्याच्यामागे कुणीतरी हळूच काही पुटपुटलं. मग तो बोलला, अगदी त्याच चालीत. "मैडम, घबराइए मत. आपके कंप्यूटर में पाँच खतरनाक वायरस हैं..."

"खाना खाया क्या?"

पुन्हा मागे पुटपुट आणि पुन्हा "मैडम, घबराइए मत."

केसरबाईंनी फोनवर तळहात ठेवला.

"याच्या मागं प्रॉम्प्टर बसून आहे. ज्याले आपलं काम येते, तो माणूस दर टायमाले पयल्यापासून सुरू करत नाई. सोंग आहे हे. ठेव फोन."

"पण आई, माझं नाटक जाईन ना."

"ठेव म्हटलं ना."

रिनाने फोन कापला. केसरबाईंनीच बोर्डावरचं बटण बंद केलं. भोंगा थांबला आणि पडदा काळा झाला.

इंटरनेटची वायर काढून तिने कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. लाल पान आलं नाही. ते ॲप तिने काढून टाकलं. कॉम्प्युटरमध्ये मुळातच असलेली व्हायरसची तपासणी लावली. काही सापडलं नाही. नाटक जागच्या जागी होतं. तिने आधी ते पेनड्राइव्हवर घेतलं आणि मग खुर्चीत मागे टेकली.

"आणखी सहा आकडे सांगितले असते मी," ती म्हणाली. "उद्या आदेशभाऊंले काय वाचून दाखवलं असतं? सगळंच गेलं असतं."

"काऊन गेलं असतं?"

केसरबाई पुन्हा डाळ पाखडायला बसल्या होत्या. रिनाला लिहिता लिहिता प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणायची सवय होती. सासूबाई भिंतीपलीकडे बसून असत. तीन महिन्यांत त्या नाटकाबद्दल चांगलं-वाईट एक अक्षर बोलल्या नव्हत्या. त्यांना हे आवडत नसावं, असंच रिना धरून चालली होती.

सूप थांबलं. केसरबाईंनी पदर खांद्यावर घेतला, दाराकडे पाहिलं आणि पहिल्या अंकातल्या आईचं बोलणं सुरू केलं. पोरगी पोलीस भरतीला निघाली आहे, तिथपासून. मग पोरीचं उत्तर. मग बापाचं. तिन्ही आवाज वेगळे. दुसरा अंक आला. रिनाने नकळत फाइल उघडली आणि ओळींवरून बोट फिरवू लागली. पुढची ओळ सांगायची वेळ एकदाही आली नाही. तिचं नाटक कॉम्प्युटरबाहेर जिवंत होतं आणि बत्तीस हंगामांची नटी ते प्रॉम्प्टरशिवाय करत होती. रिनाचा ऊर अभिमानाने भरून आला.

शेवटच्या प्रवेशात मात्र तिचं बोट थबकलं. फाइलमध्ये आई म्हणत होती, 'तुझ्याशिवाय या घरात मी कशी राहू?' केसरबाई ती ओळ सोडून म्हणाल्या,

"तू जाय. घराले मी सांगतो, पोरगी कामावर गेली म्हून."

आणि पुन्हा डाळ पाखडू लागल्या.

रिनाने आपली ओळ पुसली आणि सासूबाई म्हणाल्या तशी लिहिली. या वेळी तिने ओळ मोठ्याने म्हणून पाहिली नाही; ती आधीच म्हणून झाली होती.